पोटाचा की पायांचा

विमा कंपनीच्या हापिसातून सहादू पगारे चौथ्यांदा हात हलवत खाली आला आणि जिन्यातच थांबून त्यानं स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. चौथ्यांदा म्हणजे काय गंमत आहे का? नाशिक रोडहून शालिमारला बसमध्ये उभ्यानं जायचं, उभ्यानं यायचं, आणि तिथं गेल्यावर बाकावर बसून साहेबांचा चहा कधी संपतो ते बघत राहायचं. पहिल्यांदा म्हणाले, घोड्याचा फोटो आणा. आणला. तर म्हणे हा एकाच बाजूचा, दुसऱ्या बाजूचा कुठंय? घोड्याची दुसरी बाजू पहिलीसारखीच असते, हे त्या शहाण्याला कोण सांगणार? पुन्हा फोटोवाल्याच्या हातापाया पडून त्याला परसात आणला. तिसऱ्यांदा म्हणाले, जनावरांच्या डॉक्टरचा दाखला पाहिजे. तोही दिला. आणि आज सगळे कागद टेबलावर मांडल्यावर गर्गे साहेबांनी चष्मा वर सरकवून विचारलं, "घोडा काम काय करतो?"

"आता काय नाय करत साहेब. म्हातारा झाला. घरीच असतो."

"म्हणजे बसून खातो."

"उभ्यानं खातो," सहादू म्हणाला. त्यानं विनोद केला नव्हता. घोडं उभ्यानंच खातं, त्याला तो काय करणार?

गर्गे साहेबांनी पेनचं टोपण लावलं. "मग त्याची किंमत काय धरायची, पगारे? कामाचं जनावर असेल तर त्याला किंमत, आणि किंमत असेल तर विमा. नुसता लळा लागलाय म्हणून विमे काढायला लागलो तर उद्या लोक पोपट घेऊन येतील इथं." पण माणूस अगदीच दगड नव्हता, शिवाय मार्चअखेर जवळ येत होती आणि त्याला आपला पॉलिसींचा आकडा भरायचा होता. तो थोडा पुढं झुकला. "असं करा. गुरुवारी मी तिकडं नाशिक रोडला येतोच आहे. टांग्याला जुंपून दाखवा. चाललेला बघितला की लिहून टाकतो, चालू टांग्याचा घोडा म्हणून. काय?"

सहादू काय म्हणणार? बरं म्हणाला आणि जिन्यात येऊन कपाळावर हात मारून घेतला. ज्या जनावराला आता काम पडू नये म्हणून हा सगळा खटाटोप, त्यालाच कामाला जुंपून दाखवायचं. आजार रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते असं.

आता हा घोडा कोण, ते सांगितलं पाहिजे. सहादूनं सव्वीस वर्षं नाशिक रोड स्टेशनच्या बाहेर टांगा चालवला. त्यातली शेवटची तेरा वर्षं तुऱ्या त्याच्या टांग्याला होता. कपाळावर केसांचा हा एवढा झुपका, म्हणून तुऱ्या. पुढं रिक्षा वाढल्या, शहर बस वाढल्या, आणि टांगेवाले एकेक करून उठले. कुणी हमाल झालं, कुणी पानाची टपरी टाकली. घोडी विकली गेली. ब्याऐंशीच्या दिवाळीत सहादूनंही देवळाली गावातल्या आपल्या घराच्या परसात टांगा लावला तो लावलाच. पण घोडा विकला नाही. टांग्यात कोंबड्या बसायला लागल्या आणि तुऱ्या शेजारी उभा राहून त्यांच्याकडं बघत राहायचा. घरात खाणारी तोंडं किती असं कुणी विचारलं तर सहादू चार सांगायचा. माणसं तीनच होती, तो, त्याची बायको नवसाबाई आणि मुलगा निवृत्ती.

निवृत्ती अंबडच्या एका कारखान्यात लेथवर होता. पोरगं वाईट नव्हतं, ते आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढं तुम्ही त्याला नावं ठेवाल. घर त्याच्या पगारावर चालायचं आणि त्यानं कधी बोलून दाखवलं नाही. पण मागच्या दिवाळीत तुऱ्याच्या पोटात कळ आली. घोड्याला पोटशूळ झाला की काय होतं ते बघवत नाही. सारखा जमिनीवर पडतो, लोळतो, उठतो, मान वळवून स्वतःच्याच पोटाकडं बघतो. सरकारी दवाखाना सुट्टीमुळं बंद. शेवटी जनावरांचा खाजगी डॉक्टर मोगल, त्याला घरी आणलं, दोन दिवस सलाइन, इंजेक्शनं, आणि निवृत्तीचा सगळा बोनस त्यात गेला. तुऱ्या उठला. तिसऱ्या दिवशी निवृत्ती शांतपणे म्हणाला, "आबा, या खेपेला झालं. पुन्हा आजारी पडला तर मला नाय जमणार. तो वीटभट्टीवाला विचारत होता. अजून चालतं-फिरतं हाय तोवर देऊन टाकू."

  पोराचं चुकत नव्हतं, आणि तेच सहादूला जास्त झोंबत होतं. वीटभट्टीवर म्हातारी घोडी किती दिवस टिकतात ते टांगेवाल्यांना ठाऊक असतं. त्या दिवसापासून तुऱ्या शिंकला तरी सहादू धावत परसात जायचा.

अशात निवृत्तीला ताप आला. कारखान्याकडून त्याला विम्याचं कार्ड मिळालं होतं. सहादू त्याला घेऊन दवाखान्यात गेला आणि बघतच राहिला. कार्ड दाखवलं, डॉक्टरनं तपासलं, बाटली भरून औषध दिलं, गोळ्या दिल्या, आणि कुणी एक पैसा मागितला नाही. दर महिन्याला पगारातून थोडं कापतात म्हणे, बस. सहादूच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. विमा म्हणजे हे होय. आणि चांदवडकडच्या एका भाजीवाल्यानं त्याला स्टेशनावर सांगितलं होतं की आता जनावरांचाही विमा निघतो, त्याच्या मेहुण्याच्या म्हशीचा काढलाय. झालं. म्हशीचा निघतो तर घोड्याचा का नाही? तुऱ्याचं कार्ड काढायचं. पुन्हा पोट दुखलं की कार्ड दाखवायचं, डॉक्टर येईल, औषध देईल, आणि निवृत्तीला कळायचंसुद्धा नाही.

म्हणून निवृत्तीला यातलं काही सांगायचं नाही असं ठरलं, आणि सगळी माती तिथंच झाली. कारण घरात इंग्रजी वाचणारा तो एकटाच होता आणि विम्याची माहिती सगळी इंग्रजीत.

दुसऱ्या खेपेला गर्गे साहेबांनी विचारलं होतं, साधा विमा घ्यायचा की जादा हप्त्याचा, कायमच्या अपंगत्वासकट? सहादू उद्या सांगतो म्हणाला आणि घरी येऊन नवसाबाईपुढं बसला.

"साध्यात बाकी सगळं असणार," तो म्हणाला, "अन् जादाच्यात अपंगत्व. म्हंजे हातपाय."

"घोड्याला हात कुठं असतात?" नवसाबाई ज्वारी निवडत होती.

"पाय गं. साधा विमा पोटाचा, मोठा पायांचा. असंच असंल."

"मग पोटाचाच घ्या. पोटानंच मरायला टेकला होता ना?"

"अगं पण घोडं जातं ते पायानं. पाय गेले की घोडं गेलं. पोट काय, आज दुखतं उद्या राहतं."

"मग मागच्या दिवाळीला रडत कशाला बसला होता?"

दोघं चार दिवस याच्यावर भांडली. पोटाचा की पायांचा. नवसाबाईचं म्हणणं, असं अर्धं-अर्धं जनावर विम्यात घालण्यात अर्थ नाही, आखूड गोधडीसारखं, पुढचं झाकलं की मागचं उघडं. शेवटी तिनंच पत्र्याच्या डब्यातले, अंडी विकून साठवलेले पैसे काढून दिले आणि म्हणाली, "मोठा घ्या. त्यात पोट नसलं तरी विचारून घ्या साहेबाला." सहादूनं मोठा सांगितला. विचारायचं राहिलं. साहेबापुढं उभं राहिलं की त्याचं निम्मं बोलणं असंच राहून जायचं.

दाखल्यासाठी मोगल डॉक्टरकडं गेला तेव्हाही तसंच. डॉक्टरनं तुऱ्याचा ओठ वर करून दात बघितले. "सतरा वर्षांचा आहे."

"डॉक्टरसाहेब, बारा लिहा. पंधराच्या वर घेत नाय म्हणे."

डॉक्टरनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. "काय रे सहादू, तूसुद्धा?"

सहादूला वाटलं, खोटं वय सांगतोय म्हणून रागावला. त्यानं खाली मान घातली. डॉक्टरनं निःश्वास टाकून 'अंदाजे तेरा' असं लिहिलं आणि म्हणाला, "जाऊ दे. सगळेच करतात. पण तुझ्याकडून मला वाटलं नव्हतं."

घोडं पेंड खात होतं ते इथं. जनावराचा विमा आजारपणाला नसतोच. जनावर मेलं की मालकाला पैसे मिळतात. हे गर्गे साहेबाला ठाऊक, डॉक्टरला ठाऊक, चांदवडच्या त्या म्हशीवाल्याला ठाऊक. एकट्या सहादूला ठाऊक नव्हतं, आणि इतकी उघड गोष्ट कुणाला ठाऊक नसेल हे बाकीच्यांना ठाऊक नव्हतं. एवढा जीव लावलेला घोडा, आणि हा बाबा म्हातारपणी त्याचं वय चोरून विमा काढतोय, म्हणजे कशावर टपलाय हे सांगायला का पाहिजे? सगळ्यांनी आपापल्या मनाशी समजून घेतलं आणि कुणी तोंड उघडलं नाही. चांगली माणसं अशी वेळेवर गप्प बसतात ना, त्याचा मला फार संताप येतो.

असो. गुरुवार उजाडला. चौऱ्याऐंशी सालची संक्रांत नुकतीच झाली होती, सकाळी बोटं वाकत नव्हती एवढी थंडी. सहादूनं कोंबड्या हाकलल्या, टांगा धुतला, चाकांना वंगण घातलं. आदल्या दिवशी तुऱ्याच्या पायांना नवे नाल मारून आणले होते. सव्वा वर्षानं खोगीर पाठीवर पडल्यावर तुऱ्यानं कान टवकारले आणि कुणी न सांगता आपणहून दोन दांड्यांच्या मधे जाऊन उभा राहिला. ते बघून सहादूला भडभडून आलं आणि लगेच रागही आला, स्वतःचा, साहेबाचा, सगळ्यांचाच.

"लय पळवू नका," नवसाबाई म्हणाली. निवृत्ती रात्रपाळी करून आत झोपला होता, म्हणून ती हळूच बोलत होती. "अन् त्या साहेबाला पोटाचं विचारा."

गर्गे साहेब स्टेशनाबाहेर स्कूटर लावून उभेच होते. बॅग मांडीवर घेऊन टांग्यात बसले. "दत्त मंदिरापर्यंत जाऊ आणि परत येऊ. तेवढं पुरे."

तुऱ्या निघाला तो मान ताठ करून. साहेब खूश झाले. पण दीडशे पावलं गेली नाहीत तोच तुऱ्या रस्त्याच्या कडेला झाला आणि एका बंद फाटकापुढं थांबला. सहादूनं लगाम हलवला, जिभेनं टक टक केलं. हलेल तर शपथ.

"काय झालं? दमला?"

"दमला नाय साहेब. इथं सिंधुबाई मास्तरीण राहायच्या. नऊ वर्षं रोज साडेदहाला त्यांना शाळेतून इथं सोडायचो. सकाळची शाळा. आता त्या पुण्याला गेल्या लेकीकडं, पण याला कोण सांगणार?"

"मग आता?"

सहादूला बोलायची लाज वाटली. "तुम्ही जरा पायरीवर पाय देऊन उतरा अन् चढा. पायरीवर वजन पडून टांगा हलला ना, की त्याला कळतं माणूस उतरलं. त्याशिवाय तो जात नाय."

गर्गे साहेब बॅग सांभाळत उतरले. टांगा मागं कलला, सरळ झाला. "उतरल्या बाई, चल," सहादू नेहमीसारखं म्हणाला, आणि तुऱ्या चालायला लागला. साहेबांना पळत येऊन चढावं लागलं. पुढं बयाबाई भाजीवालीच्या कोपऱ्यावर तोच प्रकार. तिथं तर दोनदा उतरावं लागलं, कारण बयाबाईच्या टोपल्या दोन होत्या. रस्त्यावरची माणसं हसायला लागली. साहेबांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"पगारे, मला बारा वाजता हापिसात पोचायचंय. हा टांगा चालू आहे असं मी लिहायचं कसं? जरा पळवा त्याला. दुडक्या चालीनं शंभर पावलं दाखवा, लगेच सही घेतो तुमची."

सहादूनं तुऱ्याच्या पाठीकडं बघितलं. थंडीतही घाम फुटून काळी झाली होती. नाही म्हणायला पाहिजे होतं. त्याच्या जिभेवर आलंही होतं. पण चार खेपा, दोन बाजूंचे दोन फोटो, नवसाबाईचे अंड्यांचे पैसे, डॉक्टरची ती नजर, आणि समोर एक सही. शंभर पावलांवर कार्ड. त्यानं लगाम सैल सोडला. चाबूक नव्हताच त्याच्याकडं, कधीच नव्हता. नुसतं "हं, राजा" म्हणाला.

आणि तुऱ्या पळाला हो. म्हातारा झाला तरी टांग्याचा घोडा. मान वर, झुपका उडतोय, नाल वाजतायत. साठ-सत्तर पावलं असा पळाला की समोरचे सायकलवाले बाजूला झाले. मग नवा नाल गुळगुळीत डांबरावरून सटकला. पुढचे दोन्ही पाय एकदम दुमडले आणि तुऱ्या गुडघ्यांवर आदळून तसाच हातभर घसरत गेला. गर्गे साहेब बॅगेसकट सहादूच्या पाठीवर आले.

सहादूनं उडी टाकली. पट्टे सोडले. तुऱ्या धडपडत उठला, पण पुढचा डावा पाय त्यानं जमिनीला टेकवला नाही. दोन्ही गुडघे सोलून निघाले होते आणि अंग थरथरत होतं. सहादूनं डोक्याचा पटका सोडून गुडघ्याला गुंडाळला. त्याचे हात चालत होते आणि तोंडानं तो शिव्या देत होता, स्वतःलाच. लोक गोळा झाले, बघून पुढं गेले.

गाठ बांधून झाल्यावर तो साहेबाकडं वळला. "साहेब, आता चिठ्ठी द्या."

"कसली चिठ्ठी?"

"डॉक्टरला दाखवायची. पायाला लागलंय. मी मोठा विमा सांगितला होता ना, पायांचा?"

गर्गे साहेब कोटाची धूळ झटकत होते, ते थांबले. "पगारे, विमा अजून झालेला नाही. आणि झाला असता तरी औषधपाण्याचे पैसे कोण देतं? आजारपणाला नसतो हा विमा."

"मग कशाला असतो?"

"जनावर मेल्यावर. मेलं की तुम्हाला त्याची किंमत मिळते. कायमचं निकामी झालं तरी मिळते, ते जादा हप्त्याचं. तुम्हाला माहीत नव्हतं?"

 "म्हंजे हा जगावा म्हणून काय नाय?"

"जगला तर चांगलंच की. मग विम्याची गरज काय?"

 गर्गे साहेबाला सहादूची दया आली असावी. त्यानं आजूबाजूला बघितलं, बॅगेतून फॉर्म काढला आणि आवाज खाली आणला. मनानं तो खरोखर त्याचं भलंच करत होता, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

"हे बघा. तुमच्या चार खेपा झाल्या, मला कळतं. सही करा. मी कालची तारीख टाकतो. हे पडणं मी बघितलंच नाही. असं जनावर यातून उठत नाही, दोन-तीन महिने फार तर. तुमचे विम्याचे दोन हजार कुठं जात नाहीत. तुम्ही ज्यासाठी काढत होता, ते होईल."

"मी कशासाठी काढत होतो?" सहादूनं विचारलं.

साहेब हातातल्या फॉर्मकडं बघायला लागले. मग सहादूला एकदम सगळं दिसलं. डॉक्टरचं 'तूसुद्धा'. 'तुझ्याकडून वाटलं नव्हतं'. हापिसातला कारकूनही घोड्याचे फोटो बघून गालात हसला होता. संतापानं त्याची कानशिलं तापली.

"साहेब, मी एक महिना हिंडलो तो याला जगवायला. अन् तुम्ही सगळे समजत होता मी याच्या मरणावर टपलोय. एकानं तरी तोंडावर विचारायचं होतं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं." त्यानं फॉर्म घेतला, नीट घडी घातली आणि साहेबाच्या खिशात कोंबला. "पोपटाचा काढा आता विमा."

गर्गे साहेब रिक्षा करून आपल्या स्कूटरकडं गेला. राहिला टांगा आणि राहिला घोडा. टांगा रस्त्यात टाकून जाता येत नव्हता, आणि तुऱ्याला आता कुणी जुंपलं असतं तर सहादूनं त्याचं डोकं फोडलं असतं. त्यानं दोरीनं तुऱ्याला टांग्याच्या मागं बांधला. मग पुढं आला, दोन दांड्यांच्या मधे शिरला, दांड्या काखेत धरल्या आणि ओढायला लागला.

तिथून देवळाली गाव काही जवळ नाही. दांड्या काखेला काचत होत्या. समोरून एक ओळखीचा हमाल आला. "जय भीम, सहादूबाबा. घोडं मागं अन् बाबा पुढं, हे काय नवीन?" सहादू ओढतच राहिला. दर वीस पावलांवर थांबून तो मागं वळून बघायचा. तुऱ्या तीन पायांवर येत होता आणि त्याच्याकडं बघत होता.

बयाबाईच्या कोपऱ्याजवळ निवृत्ती सायकलवरून आला. वेळ झाला तरी माणूस परतत नाही म्हटल्यावर नवसाबाईनं त्याला उठवून सगळं सांगितलं होतं. झोपेतलं तोंड, स्वेटर उलटा. बापाला दांड्यांत बघून तो सायकलवरून उतरलाच.

"आबा, खाली ठेवा ते. लोक बघतायत."

"बघू दे." सहादू थांबला नाही. "तुझ्या वीटभट्टीवाल्याला निरोप दे. त्याला ओढणारा पाह्यजे ना? म्हणावं घोडा मिळायचा नाय, बाप येतोय. वय जास्त हाय, पण चालतं-फिरतं हाय तोवर घेऊन टाक. दात बघून घे म्हणावं."

निवृत्ती उभा राहिला. त्यानं मागं जाऊन तुऱ्याचा पाय बघितला, पटका बघितला. पायाच्या नळीवरून हात फिरवला. तुऱ्यानं त्याच्या उलट्या स्वेटरला नाक लावलं.  मग त्यानं सायकल उचलून टांग्यात टाकली, पुढं आला आणि बापाच्या हातातून एक दांडी काढून घेतली.

"घरी नको," तो म्हणाला. "आधी मोगल डॉक्टरकडं."

 दोघं ओढायला लागले. डॉक्टरकडचा रस्ता त्याच फाटकावरून जात होता. तिथं आल्यावर टांगा एकदम अडला. दोघांनी जोर लावला, दोरी ताणली, टांगा जागचा हलेना. मागं बघितलं तर तुऱ्या कडेला होऊन, दुखरा पाय उचलून धरून, सिंधुबाई मास्तरणीच्या फाटकापुढं शांत उभा.

"झालं," सहादू वैतागून म्हणाला. "आता पायरी कोण हलवणार? मी सोडल्या तर दांड्या आपटतील."

निवृत्तीनं आपली दांडी बापाच्या हातात दिली. तो मागं गेला, लहानपणी चढायचा तसा पायरीवर चढला, अंगाचं सगळं वजन टाकून टांगा नीट हलवला आणि खाली उतरला.

"उतरल्या बाई, चल," तो तुऱ्याला म्हणाला, आणि येऊन पुन्हा दांडीला लागला.